नव्या जलतरण तलावाच्या प्लास्टरवरील रंगफरक आणि कंत्राटदाराशी होणारा वाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथील उत्तरे पांढऱ्या सिमेंटचे प्लास्टर केलेल्या तलावांबाबत आहेत. टाइल्सच्या, व्हिनाइल अस्तराच्या किंवा फायबरग्लासच्या तलावांचे प्रश्न निराळे असतात आणि त्यांचा येथे विचार केलेला नाही.

तलाव भरून आठवडाही झालेला नाही आणि प्लास्टरवर करडे ढग दिसू लागले आहेत. हा दोष मानायचा का?

लगेच मानू नये, पण लगेच दुर्लक्षही करू नये. तलावाचे प्लास्टर म्हणजे पांढरे सिमेंट आणि संगमरवराची भुकटी किंवा क्वार्ट्झचे बारीक कण यांचे मिश्रण असते. त्याचा साधारण १० ते १३ मिलिमीटर जाडीचा थर गवंडी काही तासांत हाताने घोटून पूर्ण करतात. हाताने केलेल्या कामात थोडी फिकट-गडद छटा राहतेच, आणि तलाव पूर्णपणे एकसारखा दिसेल असे आश्वासन सहसा कोणताही जाणता कंत्राटदार देत नाही. शिवाय सिमेंट आणि पाणी यांची अभिक्रिया पहिल्या दिवशी संपत नाही. तिचा मोठा भाग २८ दिवसांत होतो आणि उरलेला पुढे कित्येक महिने चालू राहतो. त्यामुळे पहिल्या महिन्यातला रंग हा अखेरचा रंग नसतो.

असे असले तरी पुढील तीन गोष्टींपैकी एकही दिसली, तर तक्रारीला निश्चित आधार आहे असे समजावे: काठावर उभे राहिल्यावर शोधावे न लागता डोळ्यांत भरणारे ठळक पट्टे किंवा डाग, हाताला जाणवणारा खडबडीतपणा अथवा मऊपणा, आणि दिवसागणिक वाढत जाणारा डाग.

डाग लक्षात आल्यावर सर्वांत आधी काय करावे?

सर्वांत आधी काय करू नये ते सांगणे अधिक गरजेचे आहे. कोणीही सुचवले तरी ॲसिड, डाग काढणारी रसायने किंवा तारेचा ब्रश त्या जागेवर लगेच वापरू नये. डागाचा आकार, त्याची जागा आणि तो केव्हा उमटला हे तीन मुद्दे पुढे साक्षीदाराचे काम करतात. घाईने केलेली सफाई हा पुरावा पुसून टाकते आणि डाग मात्र बहुधा तसाच राहतो.

त्याच दिवशी पाण्याची पूर्ण तपासणी करून घ्यावी. तिच्यात पीएच, एकूण क्षारता (पाण्याची आम्ल पेलण्याची क्षमता), कॅल्शियम हार्डनेस (पाण्यात विरघळलेले कॅल्शियम), सायन्युरिक ॲसिड (क्लोरीन उन्हात टिकवणारे रसायन), क्लोरीन, पाण्याचे तापमान, तसेच लोह आणि तांबे यांचे प्रमाण असावे. तलाव ज्या पाण्याने भरला त्या मूळ पाण्याचाही नमुना वेगळा तपासावा, कारण बोअरवेलच्या पाण्यातील लोह किंवा मँगनीज हे वादाचे मूळ असू शकते. छायाचित्रे ऊन वर असताना, पाणी स्थिर असताना आणि प्रत्येक वेळी त्याच जागांवरून घ्यावीत. तलावाचा साधा आराखडा काढून त्यावर डागांच्या जागा आणि तारखा मांडल्या, तर त्या एका कागदाचा उपयोग शंभर फोटोंपेक्षा अधिक होतो.

रंगफरकाचे प्रकार कोणते आणि ते घरच्या घरी कसे ओळखावेत?

पहिला आणि सर्वाधिक वादाचा प्रकार म्हणजे करडे ढग किंवा ठिपकेदार काळसरपणा. तो प्लास्टरच्या अंगातला असतो, वर साचलेला नसतो. हात फिरवल्यास पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. मिश्रणात पाण्याचे प्रमाण कमीजास्त होणे, घट्ट होत आलेल्या प्लास्टरवर उशिरापर्यंत जोर लावून लोखंडी थापी फिरवणे आणि प्लास्टर लवकर घट्ट व्हावे म्हणून मिसळल्या जाणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडचा अतिरेक ही त्याची नेहमीची कारणे आहेत. याच्या उलट बाजूला पांढरे, खडूसारखे मऊ ठिपके असतात. जेथे घोटताना वरून पाणी मारले गेले किंवा मिश्रण पातळ राहिले, तेथे प्लास्टर सच्छिद्र होते आणि त्यातील कॅल्शियम हायड्रॉक्साइड लवकर निघून जाते.

दुसरा प्रकार वरून साचणाऱ्या थराचा. प्लास्टरमधून सुटलेले कॅल्शियम पाण्यातील बायकार्बोनेटशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेटची पांढरी भुकटी बनते. ती वेळीच घासून काढली नाही तर तळाशी चिकटून कडक होते. येथे एक सावधगिरी हवी. थेंबभर ॲसिड टाकून फेस आला म्हणजे ते साचलेले कॅल्शियमच, असे सांगितले जाते. परंतु संगमरवराची भुकटीही कॅल्शियम कार्बोनेटच असल्यामुळे निर्दोष प्लास्टरवरही फेस येतो. त्याऐवजी बारीक सँडपेपर हलक्या हाताने घासून पाहावा. वरचा खडबडीत थर निघून खाली मूळ गुळगुळीत पृष्ठभाग सापडला तर तो साचलेला थर आहे; खालीही दाणेदारपणाच राहिला तर प्लास्टर झिजलेले आहे. या दोन्ही अवस्था हाताला सारख्याच खरखरीत लागतात आणि दोन्हींचे उपाय मात्र एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

तिसरा प्रकार धातूंचा. लोहाचे डाग पिवळसर ते तांबूस-तपकिरी असतात, तांब्याचे निळसर-हिरवे किंवा काळपट, तर मँगनीजचे जांभळट-काळे. ते बहुधा क्लोरीन टाकल्यानंतर किंवा पीएच वाढल्यानंतर अचानक उमटतात. व्हिटॅमिन सीची गोळी डागावर अर्धा ते एक मिनिट दाबून धरल्यास लोहाचा डाग फिका पडतो. पाने किंवा बिया पडून आलेला सेंद्रिय डाग क्लोरीनने जातो, व्हिटॅमिन सीने नाही. एकाच बिंदूपासून ओघळणारा गंज मात्र पाण्यातला नसून आतल्या सळईचा किंवा बांधणीच्या तारेचा असतो. त्यावर रसायन वापरणे व्यर्थ आहे. ती जागा खोदून लोखंड कापून दुरुस्तच करावी लागते, आणि त्याची जबाबदारी बांधकाम करणाऱ्याचीच असते.

भिंतीवर पाण्याच्या पातळीसारखी सरळ आडवी रेघ दिसत असेल, तर तलाव भरताना पाणी मध्येच थांबले होते असे समजावे. उतारावरून खाली गेलेला एकच पट्टा बहुधा पाण्याच्या पाइपाच्या धारेचा असतो.

कंत्राटदाराचे म्हणणे आहे की सर्व दोष पाण्याच्या रसायनांचा, म्हणजे पर्यायाने मालकाचा आहे. हे खरे की खोटे, कसे ठरवावे?

या व्यवसायात हे उत्तर सर्वांत आधी दिले जाते. ते काही वेळा अगदी खरेही असते, म्हणून रागाने न फेटाळता तपासून पाहावे.

मुख्य निकष असा: तलावातील पाणी सगळीकडे जवळजवळ सारखेच असते. आक्रमक पाणी, म्हणजे कॅल्शियम विरघळवून घेणारे पाणी, संपूर्ण पृष्ठभागावर काम करते. ते एका भिंतीला खडबडीत करून शेजारच्या भिंतीला गुळगुळीत ठेवत नाही. म्हणून डाग थापीच्या अर्धवर्तुळाकार फटकाऱ्यांसारखे असतील, एका मिश्रणाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू झाले त्या सांध्यावर रंग बदलत असेल, किंवा पायऱ्या, कोपरे अशा अवघड जागीच काळेपणा साठला असेल, तर पाण्याला दोष देणारे स्पष्टीकरण टिकत नाही. याला अपवाद आहेत आणि ते प्रामाणिकपणे लक्षात घ्यावेत. साचणारी भुकटी गुरुत्वाकर्षणाने तळाशी अधिक जमते. पंपाकडून पाणी परत येते त्या तोंडांजवळ, विशेषतः हीटर असल्यास, थर आधी धरतो. स्किमरऐवजी (पाण्याच्या पृष्ठभागावरील कचरा ओढणारी जाळी) थेट तळावर टाकलेली ट्रायक्लोरची, म्हणजे सावकाश विरघळणाऱ्या क्लोरीनची गोळी अतिशय आम्लधर्मी असल्यामुळे तेवढ्याच जागी पांढरा, खरवडलेला ठिपका पाडते, आणि तो दोष टाकणाऱ्याचाच.

दुसरा निकष आकड्यांचा आहे. पाणी कॅल्शियम विरघळवणारे आहे की साचवणारे, हे लँगेलिअर निर्देशांकाने मोजतात. विल्फ्रेड लँगेलिअर यांनी तो १९३६ मध्ये पाणीपुरवठ्याच्या नळांमधील गंज रोखण्याच्या संदर्भात मांडला होता. पुढे तलावांसाठीही तो रूढ झाला. त्याची व्यवहारातील सोपी रीत अशी की पीएचमध्ये तापमान, कॅल्शियम आणि क्षारता यांचे कोष्टकातील गुणांक मिळवायचे आणि बेरजेतून १२.१ वजा करायचे. पीएच ७.५, तापमान २५ अंश सेल्सिअस, कॅल्शियम २०० पीपीएम (दर दहा लाख भागांत इतके भाग) आणि क्षारता १०० पीपीएम असेल, तर गुणांक अनुक्रमे ०.६, १.९ आणि २.० येतात आणि निर्देशांक उणे ०.१ निघतो, हे पाणी समतोल आहे. त्याच तापमानाला पीएच ७.०, कॅल्शियम ५० आणि क्षारता ५० असेल, तर गुणांक ०.६, १.३ आणि १.७ होतात आणि निर्देशांक उणे १.५ पर्यंत घसरतो. असे पाणी नव्या प्लास्टरमधून कॅल्शियम ओढून घेणारच. साधारणपणे उणे ०.३ ते अधिक ०.३ ही मर्यादा सुरक्षित मानली जाते. सायन्युरिक ॲसिड वापरले असल्यास त्याच्या प्रमाणाचा सुमारे एक तृतीयांश भाग एकूण क्षारतेतून वजा करून मगच गुणांक घ्यावा; ही वजाबाकी विसरल्यामुळे बरेच अहवाल प्रत्यक्षापेक्षा चांगले दिसतात.

तिसरा निकष काळाचा. पाणी भरण्याआधी किंवा भरल्यानंतर एक-दोन दिवसांत दिसलेला रंगफरक पाण्याच्या देखभालीतून येणे जवळजवळ अशक्य आहे. काही आठवड्यांत हळूहळू वाढलेला खडबडीत थर मात्र बहुधा पाण्याकडेच बोट दाखवतो.

पहिल्या महिन्यात नेमकी कोणती काळजी अपेक्षित असते? ती घेतली नसेल तर दावा संपतो का?

तलाव सुरुवातीपासून काठालगतच्या टाइलच्या पट्टीच्या मध्यापर्यंत न थांबता भरावा, पाइपाच्या तोंडाला कापड गुंडाळून ते सर्वांत खोल जागी ठेवावे आणि भरत असताना आत कोणी उतरू नये. पहिले काही दिवस पंप अखंड चालू ठेवावा आणि किमान दोन आठवडे मऊ ब्रशने भिंती व तळ दिवसातून दोनदा घासावेत. प्लास्टरमधून सतत सुटणाऱ्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडमुळे पीएच वर चढत राहतो, म्हणून तो वारंवार तपासून ७.२ ते ७.६ च्या आसपास आणावा लागतो. क्लोरीन सहसा पहिल्या ४८ तासांनंतर सुरू करतात. पाण्यात भुकटी असेपर्यंत हीटर लावत नाहीत, तसेच मीठ (मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या यंत्रासाठीचे) आणि चाकांचे स्वयंचलित सफाई यंत्र सुमारे चार आठवडे दूर ठेवतात.

यातले काही चुकले म्हणून दावा आपोआप संपत नाही. चूक आणि डाग यांचा संबंध जुळला पाहिजे. घासणे राहिले असेल तर तळावर थर बसेल, पण त्यामुळे भिंतीत करडे ढग उमटणार नाहीत. पहिल्या महिन्याची देखभाल कोणाकडे होती हेही पाहावे. ती कंत्राटदाराच्या माणसाकडे असेल, तर पाण्याच्या नोंदी सादर करण्याची जबाबदारी त्याची आहे. ती मालकाकडे असेल, तर लेखी सूचना कामापूर्वी दिल्या होत्या का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. तोंडी सांगितले होते, हे उत्तर दोन्ही बाजूंना सारखेच निरुपयोगी ठरते.

कॅल्शियम क्लोराइडचा उल्लेख वारंवार होतो. तो का?

प्लास्टर लवकर घट्ट व्हावे म्हणून ते मिसळतात. सिमेंटच्या वजनाच्या २ टक्क्यांपेक्षा ते जास्त नसावे असा सर्वमान्य दंडक आहे. ते आधी पाण्यात पूर्ण विरघळवून न घेता कोरडेच मिश्रणात टाकले, तर एका घमेल्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी जाते आणि रंग ढगाळ होतो. सिमेंटमधील लोहयुक्त घटकाची अभिक्रिया कॅल्शियम क्लोराइडमुळे मंदावते आणि तो घटक गडदच राहतो. करडेपणाच्या एका मोठ्या भागाचे कारण हे आहे. शिवाय प्लास्टर आकसून बारीक तडे पडण्याची शक्यता वाढते.

रंगीत प्लास्टर महिनाभरात फिके पडले. रंग कमी घातला असेल का?

तशी शक्यता असते, पण पहिला संशय त्यावर नसावा. गडद रंगावर कॅल्शियमचा पातळ पांढरा थर बसला तरी तो फिका दिसतो, आणि पांढऱ्या तलावात लक्षातही येणार नाही इतका थर निळ्या किंवा काळ्या प्लास्टरवर उठून दिसतो. थर काढल्यावर खालचा रंग शाबूत निघाला तर रंगद्रव्य दोषी नाही. लोह ऑक्साइडवर आधारित रंगद्रव्ये क्लोरीनपुढे टिकतात. सेंद्रिय रंगद्रव्ये विरंजन होऊन उडतात. म्हणून करारात केवळ निळा असे न लिहिता रंगद्रव्याचा प्रकार आणि उत्पादकाचा क्रमांक लिहून घ्यावा. गडद रंगात छटांचा फरक अटळपणे जास्त दिसतो, हेही कंत्राटदाराने आधी सांगायला हवे, आणि चांगले कंत्राटदार ते लेखी सांगतात.

"वर्षभर थांबा, आपोआप जाईल" असे सांगितले जाते. थांबावे का?

करड्या ढगांबाबत या सल्ल्यात तथ्य आहे. अभिक्रिया पुढे सरकते तसे असे ढग काही महिन्यांत फिके होतात, काही वेळा जवळजवळ नाहीसेही होतात. धातूचे डाग, गंज, साचलेला थर, पोकळ जागा आणि सोलवटणारे प्लास्टर यांबाबत मात्र थांबण्याने काहीही साधत नाही, नुकसानच वाढते.

थांबायचे असेल तर लेखी थांबावे. डागांची आजची स्थिती, पुन्हा एकत्र पाहणी करण्याची तारीख आणि या काळात हमीची मुदत संपली असे धरले जाणार नाही, ही तीन वाक्ये दोघांच्या सह्यांनी कागदावर असावीत. बऱ्याच हमीपत्रांची मुदत एकच वर्ष असते, आणि वर्षभर थांबण्याचा सल्ला नेमका तेवढ्याच काळाचा असणे हा दर वेळी योगायोग नसतो.

कंत्राटदार ॲसिड वॉश करून देतो म्हणतो. ते मान्य करावे का?

नव्या प्लास्टरवर तो शेवटचा उपाय असावा. हायड्रोक्लोरिक ॲसिड डाग खात नाही. डाग ज्यावर आहे तो सिमेंटचा पृष्ठभागच खाते. घोटून घट्ट केलेली वरची साय निघून गेली की कण उघडे पडतात, पृष्ठभाग सच्छिद्र होतो आणि पुढे शेवाळ व डाग अधिक सहज धरतात. करडा ढग प्लास्टरच्या खोलीत असेल, तर धुऊनही तो राहतो. फक्त आता तो खडबडीत झालेला असतो. साचलेला थर किंवा वरवरचा धातूचा डाग असेल आणि सौम्य उपाय करून झाले असतील, तेव्हाच याचा विचार करावा. तेव्हाही आधी एका लहान, नजरेआड असलेल्या जागी प्रयोग करून दोघांनी निकाल पाहावा. आणि धुण्यामुळे आलेल्या खडबडीतपणाची जबाबदारी कोणाची, हे काम सुरू होण्यापूर्वी लिहून घ्यावे.

हे काम स्वतः करू नये. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो. ॲसिड पातळ करताना नेहमी पाण्यात ॲसिड ओतायचे असते, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही.

त्यापेक्षा सौम्य उपाय कोणते आहेत?

ते डागाच्या प्रकारावर अवलंबून आहे. लोहाच्या डागांसाठी पाण्यातील क्लोरीन कमी करून ॲस्कॉर्बिक ॲसिड वापरतात आणि सुटलेला धातू पाण्यातच बांधून ठेवणारे रसायन त्यानंतर टाकतात. हे रसायन क्लोरीनमुळे हळूहळू मोडते, त्यामुळे ते पुनःपुन्हा द्यावे लागते आणि मूळ पाण्यात लोह असेपर्यंत धोका राहतोच. साचलेल्या पातळ थरासाठी पीएच व क्षारता नियंत्रितपणे खाली ठेवून रोज घासणे, किंवा पाण्याखाली डायमंड पॅडने घासून काढणे हे पर्याय आहेत. घासण्याने जाडी किंचित कमी होते, परंतु ॲसिडसारखी छिद्रे उघडत नाहीत. माझ्या मते थराच्या बाबतीत हाच अधिक सभ्य उपाय आहे.

पाहणीसाठी तलाव रिकामा करायला सांगितले आहे. त्यात धोका आहे का?

आहे, आणि तो डागांपेक्षा कितीतरी मोठा आहे. भूजल वर असताना तलाव रिकामा केल्यास खालून येणारा दाब संपूर्ण तलाव उचलू शकतो किंवा त्याला तडे पाडू शकतो. भूजलाची पातळी, तळातील दाबमुक्तीचा व्हॉल्व्ह आणि ऋतू यांचा विचार करून, जबाबदारी लेखी घेणाऱ्या जाणकाराच्या देखरेखीखालीच ते काम व्हावे. शिवाय रिकामे प्लास्टर उन्हात वाळून तडकते. बरीचशी तपासणी पाणबुड्या पाण्याखालीही करू शकतो.

तक्रारीचे पत्र कसे लिहावे?

थोडक्यात आणि तारखांसह. कराराचा दिनांक, प्लास्टर केल्याचा आणि तलाव भरल्याचा दिनांक, डाग प्रथम दिसल्याचा दिनांक, जागांचा आराखडा आणि पाण्याचे अहवाल जोडावेत. कारणाबद्दल ठाम निदान पत्रात करू नये. पुढे तपासणीत ते वेगळे निघाले तर आपलेच पत्र आपल्याविरुद्ध जाते. ठरावीक मुदतीत पाहणी करावी आणि लेखी कारण व उपाय कळवावा, एवढीच मागणी असावी. बऱ्याच करारांत दुरुस्तीची संधी आधी मूळ कंत्राटदाराला देण्याची अट असते. ती डावलून दुसऱ्याकडून काम करून घेतल्यास हमी रद्द होऊ शकते, म्हणून करारातील ते कलम वाचूनच पुढचे पाऊल टाकावे. पत्र पोच मिळेल अशा मार्गाने पाठवावे आणि फोनवर झालेले बोलणे त्याच दिवशी संदेशाने कळवून ठेवावे.

स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी केव्हा करावी आणि तिच्यातून काय कळते?

डाग व्यापक आहेत आणि दोन्ही बाजू आपापल्या स्पष्टीकरणावर अडून आहेत, अशा वेळी. प्लास्टरचे लहान गोल तुकडे कापून काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची तपासणी होते. कठीण झालेल्या काँक्रीटच्या अशा तपासणीसाठी एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेची सी ८५६ ही पद्धत प्रचलित आहे. पाणी-सिमेंट प्रमाणाचा अंदाज, अभिक्रिया न झालेले सिमेंटचे कण, घोटण्याच्या खुणा, पृष्ठभागाची झीज आणि रंग किती खोलवर आहे, हे त्यातून कळते. रंगफरक पूर्ण जाडीत उतरलेला असेल, तर तो पाण्यातून साचलेला नाही हे स्पष्ट होते.

क्लोराइडचे प्रमाण एएसटीएम सी ११५२ या पद्धतीने मोजता येते. मात्र तलावाच्या पाण्यातही क्लोराइड असतेच आणि ते प्लास्टरमध्ये मुरते, त्यामुळे केवळ वरच्या भागातील आकडा काहीच सिद्ध करत नाही. नमुना खोलवरचा आणि वेगवेगळ्या थरांचा हवा.

नमुना डागाळलेल्या आणि चांगल्या अशा दोन्ही जागांचा घ्यावा, कारण तुलनेशिवाय अहवाल लंगडा पडतो. तो दोन्ही पक्षांच्या उपस्थितीत घ्यावा, पाकिटावर सह्या कराव्यात आणि शक्य असल्यास अर्धा भाग राखून ठेवावा. तज्ज्ञ कंत्राटदाराचा नेहमीचा पुरवठादार नसावा, तसेच पुढे नवे प्लास्टर करून देण्याचे काम मिळवू पाहणाराही नसावा. दुसरी अट बहुतेक जण विसरतात.

शेवटचा हप्ता रोखून धरावा का?

करार काय म्हणतो ते पाहून. सगळी थकबाकी अडवणे बऱ्याचदा मालकाच्या अंगावर येते, कारण मग करार मोडल्याचा आरोप उलट होतो. वाद नसलेल्या कामाची रक्कम वेळेवर देऊन, केवळ प्लास्टरच्या दुरुस्तीच्या वाजवी खर्चाएवढी रक्कम लेखी कारणासह राखून ठेवणे अधिक सुरक्षित असते. रक्कम मोठी असल्यास वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय हे पाऊल उचलू नये.

कंत्राटदार गवंड्यावर, गवंडी माल पुरवणाऱ्यावर ढकलतो. नेमके कोणाला धरावे?

ज्याच्याशी करार आहे त्याला. उपकंत्राटदार आणि पुरवठादार यांच्याशी त्याचे काय हिशेब आहेत, हा त्याचा प्रश्न आहे. तयार मिश्रणाच्या गोण्यांवरील बॅच क्रमांकांचे फोटो मात्र काम चालू असतानाच घेऊन ठेवावेत. उत्पादकाची हमी सहसा मालापुरतीच असते आणि बॅच क्रमांकाशिवाय तिच्याकडे कोणी पाहतही नाही.

संपूर्ण प्लास्टर नव्याने करून मागणे केव्हा रास्त ठरते?

ठोकून पाहिल्यावर बऱ्याच जागी पोकळ आवाज येत असेल, प्लास्टर सुटत असेल, मऊ पडत असेल, किंवा व्यापक रंगफरक कामातील दोषामुळे झाल्याचे तपासणीत दिसले आणि सौम्य उपाय निष्फळ ठरले असतील, तेव्हा. केवळ दिसण्याचा किरकोळ फरक असेल तर किमतीत सूट किंवा हमीची मुदत वाढवून घेणे हा दोघांनाही परवडणारा तोडगा आहे. मधला मार्ग म्हणून डागाळलेला तुकडाच बदलून देण्याचा प्रस्ताव येतो. तो रंगासाठी निरुपयोगी आहे: नवा तुकडा जुन्या प्लास्टरशी कधीच जुळत नाही आणि डागाच्या जागी ठिगळ येते. गंज किंवा पोकळ जागा अशा बांधकामाच्या दोषासाठी मात्र तुकड्याची दुरुस्ती योग्य आहे.

तडजोड झाली. तिच्या कागदावर काय असावे?

जुने प्लास्टर किती काढणार, नवे कशावर आणि कसे चिकटवणार, कोणता माल वापरणार, काम कोणत्या तारखेपर्यंत संपणार, पाणी आणि रसायने यांचा खर्च कोणाचा, हे सर्व लिहावे. नव्या प्लास्टरची हमी नव्या तारखेपासून सुरू होईल असे स्पष्ट वाक्य हवे. ते नसेल तर जुन्याच हमीचे उरलेले महिने हाती राहतात. सर्व दावे पूर्ण व अंतिम मिटले अशा अर्थाच्या कागदावर काम पूर्ण होऊन तलाव भरेपर्यंत सही करू नये. पहिल्या २८ दिवसांची देखभाल कंत्राटदाराकडेच ठेवावी आणि पाण्याच्या रोजच्या नोंदींवर दोघांची सही घ्यावी, म्हणजे पुन्हा डाग दिसलाच तर रसायनांचा मुद्दा त्या नोंदींवरून तिथल्या तिथे तपासता येतो.